डॉक्टरांना भेट: डिस्चार्जच्या आधी काहीही नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१ जुलैचा डॉक्टर दिन नुकताच झाला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आणि शाहूपुरीतल्या दवाखान्यांच्या पायऱ्यांवर त्या दिवशी पुष्पगुच्छ, मिठाईचे बॉक्स आणि शाल-श्रीफळ घेऊन आलेली माणसे दिसत होती. ते पाहून काहींना समाधान वाटले, तर काहींनी ‘फी घेतली, मग वर आणखी भेट कशाला?’ असा सरळ प्रश्न केला. दोन्ही बाजूंचे बोलणे गेले काही दिवस कानावर येत आहे आणि दोन्ही बाजूंच्या नजरेतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. माझी बहुतेक नोकरी शस्त्रक्रिया विभागात झाली आणि शेवटची वर्षे डायलिसिस कक्षात गेली. नातेवाइकाच्या हातातली पिशवी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचते ती बहुधा परिचारिकेच्या समोरूनच, त्यामुळे ती पिशवी कोण आणतो, केव्हा आणतो आणि आणताना त्याच्या चेहऱ्यावर काय असते, हे मला पुष्कळ जवळून पाहता आले. त्यावरून माझे जे मत झाले ते आधीच सांगते. डॉक्टरांनी रुग्णाने दिलेली भेटवस्तू घ्यावी की नाही, हा प्रश्न आपण भेटीच्या किमतीवरून सोडवू पाहतो. तो भेटीच्या वेळेवरून सोडवायला हवा. रुग्ण दाखल झाल्यापासून त्याला डिस्चार्ज मिळून बिल चुकते होईपर्यंत डॉक्टरांनीच नव्हे, तर रुग्णालयातल्या कोणीही त्याच्याकडून नारळसुद्धा घेऊ नये. त्यानंतर त्याने स्वखुशीने आणलेली, खाऊन संपणारी आणि चार जणांत वाटता येणारी वस्तू घेतली, तर त्यात मला काहीही गैर दिसत नाही. आणि नाही म्हणण्याचा भार रुग्णावर टाकता येणार नाही, तो डॉक्टरांनीच उचलला पाहिजे.

राजा, देव, गुरू आणि वैद्य यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी आपल्याकडची जुनी शिकवण आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात ती आजही पाळली जाते. गुऱ्हाळे सुरू झाली की गूळ आणि काकवी येते, सुगीनंतर आजऱ्याकडचा माणूस घनसाळ तांदळाची पुरचुंडी आणतो, चंदगडकडचा काजू आणतो, म्हैस व्याली की खरवसाचा डबा येतो, जोतिबाच्या यात्रेहून परतलेला माणूस गुलाल-खोबरे आणून डॉक्टरांच्या हातावर ठेवतो. यांतल्या कशालाही लाच म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाच्या पायावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. मुलगा चालू लागल्यावर कितीतरी महिन्यांनी तो शेतकरी फेरतपासणीसाठी नव्हे, तर केवळ भेटायला म्हणून आला आणि येताना घरच्या गुऱ्हाळातला गुळाचा एक लहान रवा, म्हणजे ढेप, घेऊन आला. डॉक्टरांनी तो तिथेच, ओपीडीच्या मागच्या खोलीत, फडक्यात गुंडाळून फोडायला लावला. कोणीतरी भाजलेले शेंगदाणे आणले, आणि सफाईच्या मावशींपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांनी उभ्या उभ्या गूळ-शेंगदाणे खाल्ले. तो शेतकरी हे पाहत उभा होता. त्याला कोणाकडून काहीही नको होते, त्याचे काम होऊन गेले होते. त्याला ‘नियमात बसत नाही’ असे सांगून रवा परत करणे हा त्याच्या माणुसकीचा अपमान ठरला असता.

आता दुसरा प्रसंग. राधानगरीकडच्या एका बाईंच्या नवऱ्याचे खुब्याचे ऑपरेशन सकाळी व्हायचे होते. रुग्णाला आत नेण्याची तयारी चालू असताना त्या मला बाजूला घेऊन गेल्या, पदराची गाठ सोडून त्यांनी घामाने ओलसर झालेल्या नोटा काढल्या आणि म्हणाल्या, ‘‘सिस्टर, एवढं सायबास्नी द्या. आमच्या मालकांकडं जरा नीट बघा म्हणावं.’’ मी डॉक्टरांना बोलावले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी नोटांना हातही न लावता सांगितले, ‘‘मावशी, हे पैसे घेतले काय आणि नाही घेतले काय, ऑपरेशन मी तसंच करणार. हे गाठीलाच ठेवा, परत जाताना गाडी करावी लागेल.’’ एवढे बोलून ते आत गेले. मला वाटले, बाईंना हायसे वाटेल. त्यांचा चेहरा मात्र पडला. माझा हात धरून त्यांनी हळूच विचारले, ‘‘कमी पडलं काय वो?’’

हा प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. डॉक्टरांनी नियमाने आणि मायेने नकार दिला होता, तरी बाईंनी त्याचा अर्थ ‘रक्कम पुरेशी नाही’ असाच घेतला, कारण त्यांच्या मनात द्यायचे की नाही हा प्रश्नच नव्हता, किती द्यायचे एवढाच होता. नवरा आत टेबलावर असताना बाहेर बसलेली बाई कृतज्ञ नसते, ती घाबरलेली असते. तिने दिलेल्या वस्तूला आपण भेट म्हणतो, पण ती भीतीपोटी दिलेली असते. म्हणूनच ती वस्तू पाचशे रुपयांची आहे की पाच रुपयांची, याला माझ्या दृष्टीने महत्त्व नाही. ऑपरेशनच्या सकाळी दिलेला नारळ आणि वर्षभराने आणलेला नारळ, हे एकाच झाडाचे असले तरी वेगळे असतात.

भीतीपोटी दिलेल्या वस्तूचा परिणाम देणाऱ्यापुरता राहत नाही. सर्वसाधारण वॉर्डात दोन खाटांमध्ये हातभर अंतर असते. एका खाटेवरून राउंडच्या वेळी मिठाईचा बॉक्स डॉक्टरांच्या हातात गेला की शेजारच्या खाटेवरची माणसे ते पाहतात. डॉक्टर त्या रुग्णाशी दोन मिनिटे जास्त बोलले, तर त्याचे कारण त्याच्या जखमेतला पू असू शकते, पण शेजारच्याला ते बॉक्समुळेच वाटते. त्याच दुपारी नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, आपणही काही द्यायला हवे होते का, किती दिले म्हणाले ते, कुणाच्या हाती द्यायचे. संध्याकाळी एखादा मुलगा मित्राकडून उसने आणतो. ज्याने पहिला बॉक्स दिला त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते, ज्यांनी घेतला त्यांच्याही नव्हते, तरीही त्या वॉर्डात न लिहिलेला एक दर ठरून गेला. मग हा दर डॉक्टरांपुरता राहत नाही. स्ट्रेचर ढकलणारे मामा ‘चहापाणी’ म्हणतात, प्रसूतिगृहातल्या मावशी ‘खुशीने काय ते द्या’ म्हणतात. वरच्याने बॉक्स घेतलेला असताना खालच्याला शंभराची नोट घेऊ नको असे बजावण्याचा अधिकार कोणत्याही मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, उरत नाही.

प्रसूतिगृहाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगणे मला भाग आहे. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, ही आपल्याकडची रीत वरवर निरुपद्रवी दिसते. पण पेढेवाल्या बापाकडून मागितली जाणारी ‘खुशी’ आणि जिलेबीवाल्या बापाकडून मागितली जाणारी ‘खुशी’ यांत फरक असतो, आणि तो फरक बाळंतिणीला खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येतो. ज्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१च्या जनगणनेत ८३९ आणि २०११च्या जनगणनेत ८६३ इतकीच होती, त्या जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांनी तरी आपल्या भिंतींच्या आत ही रीत एकदम बंद केली पाहिजे. तिथे डिस्चार्जनंतरचीही सवलत नको, असे माझे मत आहे.

नियम काय सांगतात, हे पाहिले तर माझ्या म्हणण्याला आधारच मिळतो. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनासाठी भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेले विनियम आजही लागू आहेत. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे विनियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. औषध कंपन्यांकडून भेटी घेण्यावर त्यांत २००९ साली बंदी घातली गेली आणि रुग्ण पाठवल्याच्या बदल्यात कमिशन घेण्याला मुळापासूनच मनाई आहे. रुग्णाने स्वतःहून, बरे झाल्यावर आणलेल्या वस्तूबद्दल मात्र त्यांत वेगळे कलम नाही. तरीही त्याच विनियमांत फीबद्दल जे लिहिले आहे ते इथे लागू पडते असे मला वाटते. डॉक्टरांनी आपली फी सेवा देण्याआधी सांगावी, शस्त्रक्रिया किंवा उपचार चालू झाल्यावर नव्हे, आणि जी रक्कम व ज्या स्वरूपात सांगितली असेल तीच घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. उपचार चालू असताना पैशांची बोलणी होऊ नयेत, कारण तेव्हा रुग्ण मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही, हाच त्यामागचा विचार असणार. जो विचार फीला लागू आहे तो भेटीला लागू नसावा, असे म्हणायला मला कारण दिसत नाही.

शासकीय रुग्णालयांत तर संदिग्धता मुळीच नाही. शासनाच्या वतीने सेवा देणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाकडून कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा करू नये आणि तो स्वीकारू नये, असे याच विनियमांत आहे. शिवाय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ त्यांना लागू आहेत. या अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली, तरच त्याची सुटका होते. ही तरतूद खेड्यातून आलेल्या किती नातेवाइकांना ठाऊक असेल? ज्यांच्याकडे कोणी उघडपणे पैसे मागितले असतील, त्यांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. मात्र या पत्राचा विषय मागून घेतलेल्या पैशांचा नाही. न मागता दिलेल्या वस्तूंचा आहे, आणि तिथे पोलीस किंवा कायदा फारसा उपयोगी पडत नाही.

डिस्चार्जची रेघ ओढल्यावर सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. ज्या रुग्णाला डिस्चार्जच नसतो त्याचे काय करायचे, हा प्रश्न मला डायलिसिस कक्षात रोज भेडसावत असे. हा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा येतो, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडलेला असतो आणि असे वर्षानुवर्षे चालते. तंत्रज्ञ, परिचारिका आणि तो यांची घसट घरच्यासारखी होते. दिवाळीत त्याच्या घरचा फराळ येणे स्वाभाविक असते आणि तो परत पाठवणे दुष्टपणाचे वाटते. तरीही याच कक्षात मी असे पाहिले आहे की, ज्या तंत्रज्ञाचा हात फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर तयार केलेल्या रक्तवाहिनीच्या जोडात, सुई टोचताना हलका असतो त्याच्यासाठी म्हणून वेगळा डबा येतो, आणि डबा आणणारा रुग्ण मग त्याचीच पाळी धरून बसतो. डबा न आणू शकणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला नवशिका हात आला की त्याला वाटते, आपण काही देत नाही म्हणून असे झाले. खरे तर पाळ्या महिनाभर आधी लागलेल्या असतात. पण यंत्राकडे पाहत चार तास पडून राहिलेल्या माणसाच्या मनात काय काय येते, ते त्याच्या जागी पडल्याशिवाय कळत नाही.

आमच्या कक्षाच्या प्रमुखांनी यावर एक तोडगा काढला आणि तो मला आजही पटतो. सणाला जे यायचे ते कक्षाबाहेरच्या एकाच टेबलावर ठेवायचे, कोणी आणले ते सांगायचे नाही, कोणाच्याही नावाचा वेगळा डबा घ्यायचा नाही, आणि पैसे, कपडे, दागिना यांतले काहीही टेबलावर चालायचे नाही. टेबल बाहेर ठेवण्याचे आणखी एक कारण होते. डायलिसिसच्या रुग्णांना मीठ, पाणी आणि पोटॅशियम यांची पथ्ये असतात, त्यांना त्या फराळातले बहुतेक पदार्थ वर्ज्य असतात आणि त्यांच्यासमोर आम्ही चिवडा खात बसणे शोभले नसते. ही व्यवस्था काही दिवसांत अंगवळणी पडली आणि हलक्या हाताच्या तंत्रज्ञासाठी येणारे डबे थांबले. मधुमेह, दमा, कर्करोग अशा दीर्घ आजारांच्या दवाखान्यांत हे सहज करता येण्यासारखे आहे.

गावातल्या फॅमिली डॉक्टरांचा प्रश्न मात्र मला वेगळा वाटतो. भुदरगड किंवा शाहूवाडीतल्या एखाद्या गावात ज्या डॉक्टरांनी दोन पिढ्यांची नाडी पाहिली आहे, त्यांच्या मुलीच्या लग्नात गाव आहेर करतो आणि गावातल्या प्रत्येक लग्नात डॉक्टरही आहेर करतात. ती रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातली भेट नव्हे, तो शेजारधर्म आहे आणि दोन्ही बाजूंनी चालतो. त्यात कोणी नियम घेऊन शिरू नये.

वेळेच्या रेघेला आणखी एक जोड लागते, ती सधन रुग्णांसाठी. एका व्यावसायिक गृहस्थांनी बरे होऊन घरी गेल्यावर, म्हणजे माझ्या रेघेच्या अलीकडे नव्हे तर पलीकडे, एका डॉक्टरांना हुपरीहून घडवून आणलेली चांदीची समई दिली. डॉक्टर संकोचले, पण घरच्यांसमोर नको कसे म्हणायचे म्हणून त्यांनी ती घेतली. पुढे त्या गृहस्थांचा फोन आला की ओपीडीतल्या रांगेतून त्यांना आधी आत घ्यावे लागे. मग त्यांच्या मेहुण्याला, मग मेहुण्याच्या भागीदाराला. शेवटी ते न झालेल्या आजाराचा वैद्यकीय दाखला मागायला आले. डॉक्टरांनी दाखला दिला नाही, खोटा दाखला देणे हे गैरवर्तन आहे हे त्यांना ठाऊक होते, परंतु तो नाकारताना त्यांना जो त्रास झाला तो मी पाहिला. समई नसती तर त्यांनी एका वाक्यात नाही म्हटले असते. म्हणून जे खाऊन संपत नाही, घरात उरते आणि येता-जाता दिसते, असे काहीही घेऊ नये, मग ते डिस्चार्जनंतर आलेले का असेना. पेढा दुसऱ्या दिवशी कोणाच्याही लक्षात राहत नाही, म्हणून तो घेण्यात धोका कमी.

यश आले की भेट द्यायची, या सवयीचा एक भाग डॉक्टरांच्याच जिवावर बेततो, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ‘बरे झाले तरच पैसे’ असा करार करणे वैद्यकीय नीतीला धरून नाही, असे वर उल्लेखिलेल्या विनियमांतच म्हटले आहे. त्यामागे मोठे शहाणपण आहे. डॉक्टरांनी द्यायची असते ती मेहनत आणि काळजी. गुण येणे त्यांच्या एकट्याच्या हातात नसते. आपण मात्र रुग्ण उठून बसला की डॉक्टरांना देवमाणूस म्हणून हार घालतो आणि रुग्ण दगावला की त्याच डॉक्टरांच्या केबिनच्या काचा फोडतो. डॉक्टरांवरील आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. ज्या रुग्णाला वाचवता आले नाही त्याच्यासाठी रात्रभर जागलेल्या डॉक्टरांना मी पहाटे एकटेच बसलेले पाहिले आहे. त्यांच्यासाठी कोणी पेढे आणत नाही. माझ्या सबंध नोकरीत एकाच कुटुंबाने, वडील गेल्यानंतर तेराव्या दिवसानंतर येऊन, ‘तुम्ही शेवटपर्यंत केलंत’ एवढे म्हणून डॉक्टरांना आणि आम्हा सगळ्यांना नमस्कार केला. माझ्या पाहण्यात आलेले ते सर्वांत निर्मळ आभार होते आणि त्यांच्या हातात काहीही नव्हते.

यावर काही डॉक्टर म्हणतील, आणि पूर्वी म्हणालेही आहेत, की कंपन्यांच्या खर्चाने परदेशवाऱ्या करणाऱ्यांना आणि कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याचे कमिशन, घेणाऱ्यांना सोडून तुम्ही शेतकऱ्याच्या गुळावर काय बोलता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठीच्या कायद्याचा मसुदा आपल्या राज्यात २०१७ साली तयार झाला आणि तो मसुदाच राहिला. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटी हा व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवून प्राप्तिकरात वजावट घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. त्या भेटींचा बोजा औषधांच्या किमतीतून शेवटी रुग्णावरच पडतो, हेही त्यात नमूद झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी नवी विपणन संहिता, म्हणजे औषधांच्या प्रचाराची नियमावली, काढली. या सर्वांची अंमलबजावणी कडकपणे व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण मोठा दोष शिल्लक आहे म्हणून लहान दोषाकडे पाहू नये, हे पटण्यासारखे नाही. कंपनीच्या भेटीचा प्रश्न सोडवायला दिल्लीतून हालचाल व्हावी लागते. वॉर्डातला बॉक्स बंद करायला एका डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला ‘नको’ म्हणणे पुरते.

बाहेरच्या देशांत काय चालते, हेही थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत रोख पैसे आणि व्हाउचर कोणीही घ्यायचे नाहीत, आणि ५० पौंडांहून महाग वस्तू असेल तर ती व्यक्तीने न घेता संस्थेच्या धर्मादाय निधीच्या नावाने घ्यायची, असा दंडक आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता डॉक्टरांना सांगते की, भेट देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने ती फार मोठी असेल तर नाकारा. हा ऐपतीचा विचार मला मोलाचा वाटतो, कारण हजार रुपयांची साडी एखाद्या बागायतदाराला जड नसते, पण ऊसतोड कामगाराचा त्या रकमेसाठी दोन दिवसांचा रोजगार जातो. हंगेरीत रुग्णांनी डॉक्टरांना पाकिटातून पैसे देण्याची रीत दीर्घकाळ मुरलेली होती. तिथे २०२१ सालापासून असे देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हा ठरवले गेले आणि त्याबरोबरच सरकारी डॉक्टरांचे पगार भरघोस वाढवले गेले. आपल्याकडे मात्र निवासी डॉक्टरांना वेळेवर विद्यावेतन मिळावे म्हणूनही आंदोलन करावे लागते, हे विसरून चालणार नाही.

मग ज्याला खरोखरच काहीतरी करावेसे वाटते त्याने काय करावे? माझे पहिले सांगणे असे की पत्र लिहावे. दोन ओळींचे चालेल, पण त्यात नावे घालावीत: डॉक्टरांचे, रात्रपाळीच्या सिस्टरचे, ड्रेसिंग करणाऱ्या मामांचे, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे. आणि त्याची एक प्रत रुग्णालयाच्या अधीक्षकांना किंवा मालकांना द्यावी. मिठाईचा बॉक्स केबिनमध्ये थांबतो आणि वॉर्डातल्या माणसांना त्यातला तुकडाही बहुधा मिळत नाही. पत्रातले नाव मात्र सफाईच्या मावशींपर्यंतही पोहोचते, आणि कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला पुढच्या नेमणुकीच्या वेळी त्याचा उपयोगही होतो. दुसरे म्हणजे रक्तदान करावे. उन्हाळ्याच्या सुटीत रक्तपेढ्यांत रक्ताची चणचण भासते; ज्या घरच्या माणसाला रक्ताच्या पिशव्या लागल्या होत्या त्या घरातल्या धडधाकट मुलांनी त्या दिवसांत येऊन रक्त दिले, तर त्यापेक्षा मोठे आभार कोणते? आणि ऐपत असेल त्याने रुग्णालयाच्या रुग्णकल्याण निधीला, रीतसर पावती घेऊन, व्हीलचेअर किंवा वॉकर द्यावा. मात्र त्यावर डॉक्टरांचे नाव नको आणि देणाऱ्याचेही नको.

आपल्या वृत्तपत्राद्वारे शहरातील डॉक्टरांच्या संघटनांना आणि सर्व रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे. राधानगरीच्या त्या बाईंना डॉक्टरांनी नकार दिला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांना जे सांगायला हवे होते ते नवऱ्याला दाखल करतानाच सांगायला हवे होते. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने दाखल करून घेण्याच्या खिडकीजवळ, डॉक्टरांच्या केबिनमध्ये नव्हे, मोठ्या अक्षरांत एक फलक लावावा. त्याचा मजकूर मी सुचवते: ‘उपचार चालू असताना येथील डॉक्टर व कर्मचारी रुग्णाकडून पैसे, मिठाई, नारळ किंवा कोणतीही वस्तू घेत नाहीत. काही दिल्याने किंवा न दिल्याने उपचारात काहीही फरक पडत नाही. कोणी मागितल्यास कार्यालयात सांगावे.’ दाखल करताना ज्या कागदांवर सह्या घेतल्या जातात त्यांतही हीच तीन वाक्ये असावीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्या खिडकीवरच्या माणसाकडे द्यावे. सीमाभागातून, निपाणी-बेळगावकडून येणाऱ्या रुग्णांसाठी फलक कन्नडमध्येही असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
कोल्हापूर